भाकीत न शिकवणारी पदवी

२० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल विकणाराच पिंपामागे साडेसदतीस डॉलर वर द्यायला तयार होता; कुणीतरी ते घेऊन जावं एवढीच त्याची अट होती. करोनामुळे मागणी आटली होती, ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांमध्ये नवं तेल ठेवायला जागा मिळत नव्हती, आणि मुदत संपताना वायदा ज्याच्या हातात राहील त्याला खरोखरचं तेल उचलावं लागणार होतं. ही बातमी जगभर गाजली. तिच्या पोटातली दुसरी बातमी मात्र त्या धंद्यातल्या लोकांपुरतीच राहिली. तेलावरच्या ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं सूत्र फिशर ब्लॅक यांनी १९७६ मध्ये मांडलेलं आहे. त्यात किमतीचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो, आणि उणे संख्येचा लॉगॅरिदम मागितला की संगणक हात वर करतो. शिकागोच्या सीएमई या बाजाराने २२ एप्रिलपासून तेलाच्या ऑप्शनसाठी सूत्रच बदललं. त्या जागी आलं लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १९०० सालच्या प्रबंधातलं मॉडेल. त्यात किंमत शून्याखाली जाऊ शकते. नंतरच्या अभ्यासकांनी हाच त्याचा दोष ठरवला होता आणि शेअरच्या बाबतीत तरी त्यांचं बरोबरही होतं.

कॉम्प्युटेशनल फायनान्समध्ये मास्टर्स करायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, याचं उत्तर या प्रसंगात बरंचसं सापडतं. आपल्याकडे मुलाने किंवा मुलीने हा विषय निवडला, की घरच्यांचा समज ठरलेला असतो: संगणकावर शेअर बाजाराचा अंदाज बांधायचा आणि पैसा करायचा. अभ्यासक्रमाची जाहिरात करणारेही हा समज दूर करायची फारशी घाई करत नाहीत. प्रत्यक्षात या पदवीच्या गाभ्यात भाकिताला जागाच नाही. उद्या भाव वर जाईल की खाली, हे माहीत नसताना आज एखाद्या कराराची किंमत किती धरायची आणि त्यातला धोका कसा आवरायचा, हे तिथे शिकवलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या सूत्राने ही किंमत काढली, ते कोणत्या क्षणी खोटं ठरेल हे ओळखायला शिकवलं जातं, निदान शिकवलं जायला हवं. माझ्या मते या पदवीची लायकी या दुसऱ्या गोष्टीवरूनच ठरवावी. पगाराचा आकडा आणि विद्यापीठाचं नाव त्यानंतर.

उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेऊ. तो १९९४ मध्ये सुरू झाला आणि या प्रकारच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत गणला जातो. तो कुणा एका विभागाचा नाही. गणित, संख्याशास्त्र, व्यवस्थापन आणि सार्वजनिक धोरण-माहिती व्यवस्था या विषयांची चार महाविद्यालयं मिळून तो चालवतात. पूर्णवेळ विद्यार्थी ऑगस्टमध्ये येतो, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करतो आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात बाहेर पडतो. तिथले गणिताचे प्राध्यापक स्टीव्हन श्रीव यांनी याच शिकवण्यातून तयार केलेलं दोन खंडांचं पाठ्यपुस्तक २००४ मध्ये आलं आणि ते आता जगभर वापरलं जातं. दुसरा खंड भल्याभल्यांना घाम फोडतो. पहिला खंड मात्र एका अगदी साध्या कल्पनेवर उभा आहे, आणि ती कल्पना समजली की हे शास्त्र कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल नाही, ते एकदम लख्ख दिसतं.

समजा, एका शेअरचा आजचा भाव १०० रुपये आहे. वर्षाने तो १२० होईल किंवा ८०. तिसरी शक्यता नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून व्याज शून्य धरू. आता तुम्ही कुणाला तरी एक हक्क विकता: वर्षाने हा शेअर १०० रुपयांना घेण्याचा. याला बाजारात कॉल ऑप्शन म्हणतात. भाव १२० झाला तर गिऱ्हाईक तो हक्क वापरणार आणि तुम्हाला त्याचे २० रुपये द्यावे लागणार. ८० झाला तर तो कागद फाडून टाकणार. या हक्काचे आज किती पैसे घ्यावेत? भाव वर जाण्याची शक्यता किती, हे आधी सांगा, असं बहुतेक जण म्हणतील. वर्गात पहिल्या काही दिवसांतच सांगितलं जातं की ती शक्यता लागतच नाही. गिऱ्हाइकाकडून १० रुपये घ्या, ४० रुपये कर्ज काढा आणि त्या ५० रुपयांत अर्धा शेअर विकत घ्या. भाव १२० झाला तर अर्ध्या शेअरचे ६० येतील. ४० कर्जात जातील, २० गिऱ्हाइकाला. ८० झाला तर अर्ध्याचे ४० येतील, कर्ज फिटेल, आणि गिऱ्हाइकाला काही द्यायचं नाहीच. दोन्हीकडून हिशेब चुकता. म्हणून किंमत १० रुपये. भाव वाढण्याची शक्यता नव्वद टक्के आहे असं कुणी छातीठोक सांगितलं, तरीही १० रुपयेच. कुणी तोच हक्क १२ रुपयांना घ्यायला तयार झाला, तर हीच युक्ती करून विकणाऱ्याच्या खिशात २ रुपये बिनधोक राहतील, आणि ते दिसताच इतर विक्रेते धावून येऊन किंमत पुन्हा १० वर आणतील.

ऑप्शनचा व्यवहार आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कापूस बाजारात तेजी-मंदीचे सौदे जुन्या काळापासून चालत आणि सरकारांना ते कायम खुपत. १९५२ च्या कायद्याने वस्तूंवरचे आणि १९५६ च्या कायद्याने शेअरवरचे असे करार बेकायदा ठरले. त्या व्यापाऱ्यांना धंदा येत होता, पण किंमत ठरायची ती अंदाजाने आणि घासाघिशीने. १९७३ मध्ये ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा निबंध आला. वरचं अर्ध्या शेअरचं गणित वर्षातून एकदा न करता क्षणोक्षणी केलं, तर किमतीचं नेमकं सूत्र मिळतं, असं त्यात आणि रॉबर्ट मर्टन यांच्या लेखनात दाखवलं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा नोंदणीकृत बाजार सुरू झाला. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ चं नोबेल मिळालं. ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते. बंदी उठल्यावर आपल्या एनएसईवर निर्देशांकाचे ऑप्शन आले जून २००१ मध्ये.

पण अर्ध्या शेअरच्या गोष्टीत काय काय गृहीत धरलं होतं, ते पुन्हा वाचून पाहा. हवा तेव्हा, चालू भावाला, हवा तेवढा शेअर मिळतो. दलाली लागत नाही. कर्ज मागितलं की मिळतं. आणि भाव १२० किंवा ८० च होतो, ६० कधीच नाही. यातलं प्रत्येक गृहीतक कधी ना कधी मोडलेलं आहे, आणि ते कसं मोडलं हा अभ्यासक्रमाचा खरा माल आहे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. भाव उतरला की थोडे शेअर विकायचे आणि तोटा बांधून ठेवायचा, अशी पोर्टफोलिओ इन्शुरन्स नावाची पद्धत तेव्हा मोठमोठे फंड वापरत होते. हिशेब प्रत्येकाचा बरोबर होता; सगळे एकाच वेळी विकायला निघाल्यावर घेणारा कुठून आणायचा, हे त्यात नव्हतं. दहा-अकरा वर्षांनी लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडाला. शोल्स आणि मर्टन दोघेही त्याचे भागीदार होते. १९९८ मध्ये काही महिन्यांत त्याने साडेचार अब्ज डॉलरहून जास्त घालवले, आणि पडझड आवरायला १४ बँका-वित्तसंस्थांना ३.६ अब्ज ओतावे लागले. नोबेल मिळवणाऱ्या सूत्राने नोबेल मिळवणाऱ्यांना वाचवलं नाही, असं म्हणून हसणं सोपं आहे. मात्र त्या फंडाला सूत्रातल्या चुकीपेक्षा उसनवारीने बुडवलं: भाव आज ना उद्या योग्य जागी येतील हा त्यांचा हिशेब कदाचित बरोबर असेल, पण तोवर थांबायला पैसा पुरणार नव्हता.

आपल्या जवळचं उदाहरण पुन्हा २०२० च्या त्या एप्रिलमधलंच आहे. मुंबईच्या एमसीएक्सवर कच्च्या तेलाचा जो वायदा चालतो, त्याची अखेरची किंमत न्यूयॉर्कच्या भावाला बांधलेली असते. लॉकडाऊनमुळे त्या दिवसांत एमसीएक्सचे व्यवहार संध्याकाळी ५ वाजताच थांबत होते. न्यूयॉर्कचा भाव शून्याखाली गेला तेव्हा भारतात रात्र होती आणि बाजार बंद होता. ज्यांनी वायदा धरून ठेवला होता, त्यांना तो विकण्याचा मार्गच उरला नाही, आणि हिशेब पुरा झाला तो पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी. एका लॉटमध्ये १०० पिंपं असतात. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. यात कोणत्या सूत्राला दोष देणार? बाजार किती वाजता बंद होतो, हे किमतीच्या समीकरणात कुठेच येत नाही. चांगला अभ्यासक्रम विद्यार्थ्याला करारातल्या बारीक टाइपातल्या अटी वाचायला लावतो. वाईट अभ्यासक्रम समीकरण फळ्यावर मांडून पुढच्या समीकरणाकडे वळतो.

नावात कॉम्प्युटेशनल आहे, त्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण प्रवेश घेणारे बहुतेक जण संगणकाला गृहीत धरूनच येतात. दोनच शक्यता असलेलं उदाहरण हाताने सुटतं. खऱ्या करारात भाव रोज हलतो, व्याजदर हलतो, अटी एकात एक अडकलेल्या असतात, आणि कागदावर सुटणारं सूत्र उरत नाही. मग संगणकाला सांगायचं की यादृच्छिक संख्या घेऊन भावाचे हजारो संभाव्य प्रवास तयार कर आणि सरासरी काढ. याला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. आपलाच १० रुपयांचा ऑप्शन असा काढला, तर दहा हजार प्रवासांनंतर उत्तरात साधारण दहा पैशांची चूक राहते. ती एका पैशावर आणायची तर प्रवास दसपट करून भागत नाही. शंभरपट, म्हणजे दहा लाख करावे लागतात. बँकेकडे असे करार हजारोंनी असतात आणि उत्तर सकाळी बाजार उघडायच्या आत हवं असतं. तेव्हा कमी प्रवासांत तेवढीच अचूकता कशी आणायची, हे एक स्वतंत्र शास्त्र होतं, आणि सेमिस्टरचा मोठा भाग त्यात जातो.

संगणकातली चूक गणितातल्या चुकीहून जास्त फसवी असते, कारण ती उत्तर देते. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेच्या लंडन कचेरीतल्या व्यवहारांत ६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेनेच नेमलेल्या चौकशी गटाचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला. धोका मोजणारं नवं मॉडेल एक्सेलच्या शीटांवर चालत होतं आणि आकडे एका शीटमधून दुसरीत हाताने चिकटवले जात होते, असं त्यात निघालं. एका ठिकाणी जुन्या-नव्या दरांतला फरक त्यांच्या सरासरीने भागायचा होता. शीट त्याला बेरजेने भागत होती. बेरीज सरासरीच्या दुप्पट, म्हणून चढउतार होता त्याच्या निम्मा दिसला आणि धोका कमी वाटला. तोटा केवळ या भागाकारामुळे झाला असं नाही. मोठे सौदे, त्यांवरची देखरेख, वरिष्ठांचं दुर्लक्ष असं बरंच काही होतं. पण शाळेतल्या मुलाला कळेल अशी चूक जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांपैकी एकीत शिरते आणि उत्तर सोयीचं असल्यामुळे कुणी ते तपासत नाही, हे विसरता येत नाही.

या पदवीवरचा सगळ्यात जड आक्षेप नैतिक आहे, आणि तो टाळू नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. हेच सेबी सांगते की समोरच्या बाजूला नफा कमावणाऱ्या विदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाली पेढ्या यांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. मग ही पदवी म्हणजे साताऱ्याच्या किंवा जळगावच्या हौशी माणसाच्या खिशातून पैसे काढायचं शिक्षण नव्हे का? काही अंशी आहे, हे मान्य केलं पाहिजे. हे गणित येणारा माणूस कोणत्या खुर्चीत बसतो, ते गणित ठरवत नाही. पण ते येणाऱ्यांची गरज टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढीच आहे. बाजारात रोज मार्जिन, म्हणजे सौद्यापोटीची अनामत, किती घ्यायचं हे याच गणिताने ठरतं. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला सहा महिन्यांनी मिळणाऱ्या युरोचा दर बँक आज बांधून देते, ती याच तत्त्वावर. आणि आपल्या उदाहरणातला तो अर्धा शेअर, ज्याला या शास्त्रात डेल्टा म्हणतात, तो मे २०२५ मध्ये सेबीच्या परिपत्रकात जाऊन बसला: बाजारात उभे असलेले ऑप्शनचे सौदे आता डेल्टाच्या हिशेबाने मोजायचे आहेत. पूर्वी नाममात्र किमतीवर मोजल्यामुळे मोठा खेळाडू लहान आणि लहान मोठा दिसू शकत होता. हे ज्याला कळत नाही, त्याने नियंत्रकाच्या खुर्चीत बसू नये. शिवाय त्या ९३ टक्क्यांना जे विकलं गेलं, ते हे गणित नव्हतंच. भाकीत विकलं गेलं, मोबाइलवरच्या टिप्स आणि वीकेंडच्या क्लासांमधून.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पाठ्यपुस्तकं मिळतात, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत, पायथन कुणालाही शिकता येतो. मग लाखोंचं कर्ज कशाला? गणितापुरतं हे खरं आहे, आणि पुण्या-मुंबईत एमएस्सी स्टॅटिस्टिक्स केलेल्या मुलीचा पाया पुष्कळदा परदेशी वर्गातल्या सरासरी विद्यार्थ्याहून पक्का असतो. घरी बसून जे मिळत नाही ते म्हणजे आपलं मॉडेल चिरफाड करायला बसलेला माणूस. बँकांमध्ये आता हे स्वतंत्र काम आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने एप्रिल २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार मॉडेल बनवणाऱ्यापासून स्वतंत्र असलेल्या लोकांनी ते तपासणं अपेक्षित होतं. परदेशी बँकांच्या मुंबई-बंगळुरूच्या कचेऱ्यांमध्ये मॉडेल व्हॅलिडेशनची जी पथकं दिसतात, त्यांच्यामागे या सूचना आहेत. कर्ज देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मॉडेलांबाबत आपल्या रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये असाच मसुदा काढला. शंका घेण्याला पगार मिळतो, असा धंदा फार थोडा असेल. फक्त प्रत्येक विद्यापीठ ती शंका शिकवतंच असं नाही. जुनेच विषय नव्या नावाने बांधून दुप्पट फी लावणारे अभ्यासक्रम परदेशात आहेत आणि इथेही आहेत.

मशीन लर्निंग आल्यावर हे जुनं गणित कशाला, असाही प्रश्न हल्ली विचारला जातो. मशीन लर्निंग या अभ्यासक्रमांत आता आहेच, आणि ते असावं. पण फोटोतलं मांजर ओळखायला यंत्र शिकलं म्हणून मांजर आपलं रूप बदलत नाही. बाजारातला एखादा आकृतिबंध चार जणांना सापडला, की त्यांच्याच सौद्यांमुळे तो पुसला जातो. शिवाय बाजाराचा इतिहास एकच घडलेला आहे, त्याच्या लाखो प्रती शिकायला मिळत नाहीत. यंत्राने दिलेलं उत्तर कशाच्या जोरावर आहे, हे विचारायला कुठलं तरी सिद्धान्ताचं माप लागतं, आणि ते माप अजून तरी हेच आहे.

प्रवेश घेणाऱ्याने मग काय पाहावं? नोकरीच्या अहवालात सरासरी पगार पाहू नये, मध्यगा पाहावी, आणि ती एकूण किती जणांपैकी किती जणांच्या उत्तरांवर काढली आहे तेही. संख्यात्मक पद्धती शिकताना कोड स्वतः लिहावा लागतो की तयार पॅकेजं वापरून भागतं, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावं. शेवटच्या प्रकल्पात मॉडेल कुठे मोडलं हे लिहायला लावतात का, तेही विचारावं. उत्तर देणारा गोंधळला तर समजून जावं. आणि हे सगळं करण्याआधी श्रीव यांच्या पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण वही-पेन घेऊन सोडवून पाहावं. त्याला संभाव्यतेची तोंडओळख आणि बीजगणित एवढंच लागतं, आणि आठवडाभराचं ते काम आहे. त्या आठवड्यात कंटाळा आला, तर निदान कर्ज तरी वाचलं.